आपले प्रश्न, आमची उत्तरे : बारीक कामाची हत्यारे

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ विमान हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झाले आणि त्यानंतर या विमानाची १/७२ प्रमाणातील प्रतिकृती घरी कशी जोडावी, याविषयीचा लेख या सदरात आला. त्या लेखात जोडणीचे टप्पे होते, पण हत्यारांविषयी जेमतेम चार ओळी होत्या. ही उणीव ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी पत्रे पाठवून नेमकी दाखवून दिली. पत्रे वेगवेगळ्या घरांतून आली असली तरी सर्वांची अडचण एकच आहे : नेमके कोणते हत्यार घ्यावे आणि ते चांगले आहे हे ओळखावे कसे? म्हणून या अंकातील सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो. आयुष्यातले पहिलेच किट आणले आहे आणि ते मिग-२१ चेच आहे. प्रतिकृती बांधण्याच्या बत्तीस हत्यारांचा एक संच घरपोच मिळतो आणि त्याची किंमतही आवाक्यातली आहे. तो घ्यावा काय? (नौपाडा, ठाणे येथील एक वाचक)

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा संचातील बत्तीस नगांपैकी निम्म्याहून अधिक नग म्हणजे एकाच मुठीत बसणारी निरनिराळ्या आकारांची पाती असतात आणि त्यांतली फार तर दोन आपल्या हातून वापरली जातात. ज्या दोन वस्तूंवर सगळे काम उभे असते, तो निप्पर, म्हणजे प्लास्टिकचे भाग कापून सुटे करण्याची छोटी पकड, आणि तो चिमटा, नेमके हेच त्या संचातले सर्वांत हलक्या दर्जाचे नग असतात. पहिल्या विमानासाठी एक निप्पर, एक सुरी, एक चिमटा, तीन-चार क्रमांकांचे वॉटर पेपर (पाण्यासह वापरायचे घासण्याचे कागद) आणि कापण्याची एक मॅट एवढे पुरेसे आहे. पुढचे हत्यार, ज्या दिवशी त्याच्यावाचून हात अडेल, त्या दिवशी आणावे. पैसे मोजायचेच असतील तर ते निप्परवर मोजावेत, आणि तसे का म्हणतो ते जरा सविस्तर लिहितो.

किटमधले भाग प्लास्टिकच्या चौकटीला, म्हणजे रनरला, बारीक दांड्यांनी जोडलेले असतात. या दांडीला गेट म्हणतात. वायर कापण्याच्या साध्या कटरची पाती दोन्ही अंगांनी पाचरीसारखी उतरती असतात. ती प्लास्टिक कापण्यापेक्षा दाबून फोडतात, आणि गेट तुटण्याच्या शेवटच्या क्षणी एक तर भागाच्या अंगातला कण उपटून नेतात किंवा तिथे पांढरा डाग पाडतात. हा डाग वरून लागलेला नसून प्लास्टिक आतून ताणले गेल्याने उमटलेला असतो, त्यामुळे तो घासून सहसा जात नाही. प्रतिकृतीच्या कामाच्या निप्परची पाती एका अंगाने सपाट असतात आणि ते सपाट अंग नेहमी भागाच्या बाजूला धरायचे असते. असा निप्पर असला तरी पहिला काप भागाला खेटून घेऊ नये. आधी रनरच्या बाजूने कापून भाग मोकळा करावा. मग राहिलेला खुंट अर्धा मिलिमीटर शिल्लक ठेवून दुसऱ्या कापात काढावा, आणि तो अर्धा मिलिमीटर सुरीने व वॉटर पेपरने उतरवावा. शंभरेक भागांच्या किटमध्ये असे काप काही शेकड्यांत जातात, म्हणूनच निप्पर हातात कसा बसतो आणि त्याची स्प्रिंग बोटांना किती जड जाते, हेही घेताना पाहायला हवे.

दुकानात निप्पर मिटून उजेडासमोर धरावा. पात्यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली, तर तो बाजूला ठेवावा. खिशात रनरचा एक तुकडा घेऊन जावे आणि कापून पाहू द्या, असे दुकानदाराला सांगावे. कापलेल्या टोकावरून नख फिरवल्यावर ते कुठेही अडता कामा नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या कामासाठी जे सपाट कापाचे छोटे कटर मिळतात, ते स्वस्त असतात आणि सुरुवातीला चांगले काम देतात. पुढे चांगला निप्पर घेतला तरी पहिल्या, रनरकडच्या कापासाठी त्यांचा उपयोग होतच राहतो. जपानच्या गॉडहँड कंपनीचे एकधारी निप्पर प्रसिद्ध आहेत. त्यांचे एकच पाते धारदार असते आणि समोरचे पाते ऐरणीसारखे नुसते टेकू देते. त्यांचा काप इतका स्वच्छ येतो की घासायला फारसे काही उरत नाही, मात्र ते पाते फार पातळ असते आणि जाड रनर कापल्यास किंवा कापताना मनगट पिळल्यास तुटते. पहिल्याच किटसाठी ते घेण्याची घाई करू नये.

आणि निप्परने धातू कापू नये, कधीही. मी एकदा रात्री उशिरा, हातासरशी होऊन जाईल म्हणून, पितळेची तार माझ्या चांगल्या निप्परने कापली. पात्यावर केसाएवढी खाच पडली आणि त्या दिवसापासून त्या निप्परने कापलेल्या प्रत्येक गेटवर एक बारीक कंगोरा उमटत राहिला. आता प्लास्टिकच्या निप्परच्या मुठीला मी लाल दोरा गुंडाळून ठेवतो, म्हणजे झोपेच्या डोळ्यांनाही तो वेगळा ओळखू येतो.

प्रश्न : औषधांच्या दुकानात शस्त्रक्रियेचे ब्लेड सुटे मिळते. ते प्रतिकृतीच्या कामाला चालेल का, की हॉबीची खास सुरीच घ्यावी? (ऐरोली, नवी मुंबई येथील एक वाचक)

उत्तर : चालेल, आणि उत्तम चालेल. ३ क्रमांकाची मूठ घ्यावी. तिच्यात १०, ११ आणि १५ क्रमांकांची ब्लेड बसतात. ४ क्रमांकाच्या मुठीत २० च्या पुढची मोठी ब्लेड बसतात, त्यांची आपल्याला गरज नाही. ११ क्रमांकाचे ब्लेड सरळ धारेचे व टोकदार असते. मास्किंग टेप कापणे, डिकल, म्हणजे विमानावर चिकटवायची चिन्हे, सोडवणे, कोपऱ्यातला बारीक काप घेणे यांसाठी ते घ्यावे. १५ क्रमांकाच्या ब्लेडची छोटी गोलाई गेटचा खुंट सोलून काढायला मला अधिक सोयीची वाटते, कारण टोक भागात घुसण्याची भीती राहत नाही. हेच ब्लेड पृष्ठभागावर उभे धरून हलक्या हाताने आपल्याकडे ओढले, की साच्याच्या सांध्याची रेघ खरवडून निघते आणि तिथे कानस लावावी लागत नाही.

मात्र शस्त्रक्रियेचे ब्लेड पातळ असते. आडवा जोर पडला तर ते वाकत नाही, तुटते, आणि तुटलेला तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो. चिकटलेला भाग उचकटणे, जाड पत्रा कापणे ही कामे त्याच्याकडून घेऊ नयेत. त्या कामांना हॉबीची जाड पात्याची सुरी किंवा मोडत्या पात्याचा कटरच बरा. ब्लेड काढताना बोटांनी ओढू नये. लांब नाकाच्या पकडीने त्याची मागची टाच किंचित उचलावी आणि ते अंगापासून दूर, पुढे सरकवून काढावे. जुनी ब्लेड जाड प्लास्टिकच्या झाकणबंद बरणीत जमा करावीत आणि बरणी भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर 'ब्लेड' असे ठळक लिहून, कचरा नेणाऱ्या माणसाच्या हातात सांगून द्यावी. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत सुटे टाकलेले ब्लेड कुणाच्या तरी तळहातात शिरते, म्हणून ही गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

प्रश्न : विमानाच्या नाकापुढची पिटो नळी (वेग मोजण्यासाठीची बारीक नळी) प्लास्टिकची असल्याने दोनदा मोडली. तिच्या जागी धातूची नळी बसवावी म्हणून अर्धा मिलिमीटरचे ड्रिल आणले, पण हाताने भोक पाडताना लागोपाठ चार ड्रिल तुटले. चूक कुठे होत असावी? (खारघर, नवी मुंबई येथील एक वाचक)

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रात ड्रिलचा मागचा दांडा जाड, सुमारे ३ मिलिमीटरचा आणि पुढचे टोक तेवढे बारीक दिसते. हे इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किट बोर्डांना यंत्राने भोके पाडण्यासाठी केलेले कार्बाइडचे ड्रिल आहे. कार्बाइड अतिशय कठीण असते, पण काचेसारखे ठिसूळही असते, आणि हाताची सूक्ष्म थरथर त्याला सोसत नाही. हाताच्या कामासाठी हायस्पीड स्टीलचे, म्हणजे एचएसएसचे ड्रिल मागावे. ते थोडे लवचीक असते.

ड्रिल बदलल्यावरही पिन व्हाइस, म्हणजे ड्रिल पकडून हाताने फिरवायची मूठ, तपासावा. त्यात एक सरळ सुई पकडून मूठ बोटांत फिरवावी. सुईचे टोक एका जागी राहिले तर पिन व्हाइस खरा. टोकाने हवेत लहानसे वर्तुळ काढले तर त्याची पकड वाकडी आहे आणि तो किती का महाग असेना, अर्ध्या मिलिमीटरचे ड्रिल मोडणारच. ज्याच्या मागच्या टोकाला तळहातात बसणारी, स्वतंत्र फिरणारी टोपी असते तो पिन व्हाइस घ्यावा. टोपी तळहाताला टेकवायची, अंगठा व दोन बोटे यांनी मूठ फिरवायची आणि दाब जवळजवळ द्यायचाच नाही. ड्रिल पकडीबाहेर पाच-सहा मिलिमीटरच ठेवावे. आधी शिवणाच्या सुईने खळगा पाडावा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. दोन-तीन फेरे झाले की ते बाहेर काढून भुसा पुसावा, टोकाला मेणबत्तीचे मेण लावावे आणि पुन्हा सुरू करावे.

नळीसाठी २६ गेजची नवी, न वापरलेली इंजेक्शनची सुई घ्यावी. तिचा बाहेरचा व्यास सुमारे ०.४६ मिलिमीटर असल्याने ती अर्ध्या मिलिमीटरच्या भोकात नेमकी बसते. ती कटरने कापल्यास तोंड चेपते. त्याऐवजी तिकोनी कानशीने भोवती खाच पाडून दोन पकडींमध्ये धरून मोडावी आणि तोंड वॉटर पेपरवर सपाट करून घ्यावे.

प्रश्न : माझे वडील सोनारकाम करीत. त्यांची हत्यारांची पेटी घरात जशीच्या तशी आहे. तिच्यात चिमटे, कानशी, फ्रेमची करवत व तिची पाती, तार बारीक ओढण्याची भोकांची पट्टी, छोटी ऐरण आणि फुंकणी आहे. बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीचे इंजिन मला पितळेत बांधायचे आहे. प्रमाण एका फुटाला ४ मिलिमीटर ठेवणार आहे. या पेटीतले काय उपयोगी पडेल? (जांभळी नाका, ठाणे येथील एक वाचक)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. १६ एप्रिल १८५३ रोजी ती गाडी चौतीस किलोमीटरचे अंतर कापून जिथे येऊन थांबली, त्याच गावात तिचे इंजिन सोनाराच्या हत्यारांनी घडावे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पत्र्यापासून प्रतिकृती घडवणाऱ्याला जे लागते त्यातले बहुतेक सगळे या पेटीत आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही संचाहून ती मोलाची आहे.

सर्वांत आधी करवत बाहेर काढावी. पात्याचे दात मुठीकडे, म्हणजे खालच्या बाजूला रोखलेले असावेत, कारण ही करवत खाली ओढताना कापते. पाते ताणून बसवल्यावर नखाने छेडावे. तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ नाद आला तर ताण बरोबर आहे, आणि बद्द आवाज आला तर पाते पहिल्याच वळणावर तुटेल. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याला ३/० किंवा ४/० क्रमांकाचे पाते घ्यावे. शून्याआधीचा आकडा जेवढा मोठा, तेवढे पाते बारीक. पेटीतली जुनी पाती गंजलेली असतील तर ती वापरू नयेत. झवेरी बाजारात सोनारांच्या साहित्याच्या दुकानांत ती डझनावर मिळतात. टेबलाच्या कडेला इंग्रजी 'व्ही' आकाराची खाच असलेली लाकडी फळी बसवून तिच्यावर पत्रा टेकवावा आणि पत्रा फारच पातळ असेल तर त्याच्या खाली प्लायवूडचा तुकडा चिकटवून दोन्ही एकदम कापावेत, म्हणजे कड दुमडत नाही. करवत उभी राहावी, हात सैल असावा, आणि वळणावर पाते जागच्या जागी चालवत ठेवून पत्रा वळवावा. हे वाचून कळण्यापेक्षा चार-पाच पाती मोडल्यावर अधिक कळते.

तार ओढण्याची पट्टी हा तर खजिनाच आहे. इंजिनाच्या बाजूचा हात धरायचा दांडा प्रत्यक्षात इंचभर जाड धरला, तर आपल्या प्रमाणात तो मिलिमीटरचा एक तृतीयांश होतो. वायरमधली तांब्याची तार तापवून मऊ करावी आणि पट्टीच्या एकेका लहान भोकातून ओढत न्यावी. अशी ओढलेली तार हवी तेवढी बारीक होतेच, शिवाय ती बाणासारखी सरळ होते, आणि हातरेलिंगमध्ये पाहणाऱ्याचा डोळा जाडीपेक्षा सरळपणावर आधी जातो.

रिव्हेटसाठी ऐरण थेट वापरू नये. ०.१ ते ०.१५ मिलिमीटरचा पितळी पत्रा उलटा करून जाड लिनोलियमच्या किंवा कडक रबराच्या तुकड्यावर ठेवावा आणि बोथट केलेल्या सुईने मागून दाबावे, म्हणजे समोर उंचवटा येतो. २० मिलिमीटर व्यासाचे रिव्हेटचे डोके आपल्या प्रमाणात ०.२६ मिलिमीटर होते, तेव्हा सुईचे टोक भिंगाखाली त्या मापाचे घासून घ्यावे. रांग सरळ यावी म्हणून स्टीलची पट्टी आधाराला ठेवावी आणि अंतर डिव्हायडरने टिपावे. ऐरण तार सरळ ठोकण्यासाठी व पत्र्याची कड बसवण्यासाठी राखून ठेवावी. फुंकणीची या कामात गरज नाही. डाक लावायला विजेची सोल्डरिंग आयर्न अधिक ताब्यात राहते.

पेटीत नसलेली एक वस्तू मात्र घ्यावीच लागेल, ती म्हणजे ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येणारा व्हर्नियर कॅलिपर. तो का, हे या इंजिनाच्याच उदाहरणाने सांगतो. ही गाडी साडेपाच फुटी ब्रॉडगेजवर धावली, म्हणजे आपल्या प्रमाणात दोन रुळांतले अंतर २२ मिलिमीटर होते. बाजारात तयार मिळणारे या प्रमाणाचे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. त्यावर इंजिन बसवले तर 'साहिब', 'सिंध' आणि 'सुलतान' ही व्हल्कन फाउंड्रीची दणकट इंजिने अरुंद मार्गावरच्या खेळण्यासारखी दिसतील. रूळ आपल्यालाच टाकावे लागतील, आणि प्रत्येक स्लीपरवर ते २२ मिलिमीटर कॅलिपरने मोजावे लागतील.

वडिलांचे चिमटे वापरण्याआधी एकदा पारखून घ्यावेत. चिमटा हलका दाबला की फक्त टोके टेकली पाहिजेत. आणखी दाबल्यावर ती एकमेकांना धरून राहिली तर चिमटा चांगला. दाब वाढताच टोके फाकली, तर त्याच्यातून लहान भाग उडून जाईल. काचेवर ठेवलेला डोक्याचा एक केस उचलता आला, तर आणखी कसोटीची गरज नाही.

प्रश्न : मी रबाळे येथे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर आहे. आमच्याकडच्या निडल फाइल प्लास्टिकला चालतील का? (घणसोली, नवी मुंबई येथील एक वाचक)

उत्तर : कानशीविषयी आपल्याला मी काय सांगावे! नवी कानस आधी पितळेवर वापरायची आणि तिची धार उतरली की मग लोखंडावर, हा फिटरचा नियम आपल्याला ठाऊक असेलच. प्लास्टिकसाठी तोच नियम एक पायरी मागे न्यावा. ज्या कानशीने पोलाद घासले आहे तिच्या दातांत अडकलेले कण प्लास्टिकवर खोल ओरखडे पाडतात, म्हणून २ आणि ४ क्रमांकाच्या कटच्या चार आकारांतल्या कानशी, म्हणजे चपटी, गोल, अर्धगोल आणि तिकोनी, नव्या घेऊन वेगळ्या ठेवाव्यात. प्लास्टिक दातांत लवकर भरते. आधी कानशीवर पांढरा खडू घासावा आणि भरलेले दात पितळी ब्रशने मोकळे करावेत.

कानशीनंतर वॉटर पेपर ४००, ६००, १००० या क्रमाने पाण्यासह वापरावा. तो बोटांवर धरल्यास कडा गोल होतात, म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांना चिकटवून पट्ट्या कराव्यात. रेझिनचे भाग मात्र पाण्यातच घासावेत आणि तोंडाला मास्क लावावा. ती भुकटी छातीत जाऊ देऊ नये.

प्रश्न : विजेवर चालणारे छोटे रोटरी यंत्र घेतल्यास ही सगळी हातहत्यारे वाचतील ना? (नेरुळ, नवी मुंबई येथील एक वाचक)

उत्तर : नाही. किटचे पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होते आणि वेगाने फिरणारे टोक क्षणात तेवढी उष्णता निर्माण करते. मग प्लास्टिक कापले न जाता वितळून टोकालाच गुंडाळते. धातू आणि लाकूड यांच्या कामात या यंत्राला जागा आहे, प्लास्टिकच्या विमानात मला ती दिसलेली नाही.

प्रश्न : आमचे घर खाडीजवळ आहे. दर पावसाळ्यानंतर चिमट्यांवर आणि ब्लेडवर गंजाचे ठिपके दिसतात. डबा लाकडी आहे, चांगला आहे. काय करावे? (कोपरी, ठाणे येथील एक वाचक)

उत्तर : दोष बहुधा त्या चांगल्या लाकडी डब्याचाच आहे. जून ते सप्टेंबर लाकूड हवेतली ओल पिऊन बसते आणि बंद डब्यात ती हत्यारांनाच देते. त्यात बोटांच्या घामातले मीठ धातूवर राहिलेले असले, तर गंजाला आणखी काही लागत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि त्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की सुमारे १२० अंशांवर तासदोन तास तापवावेत, ते पुन्हा निळे होतात. निळ्या रंगासाठी कोबाल्टचे क्षार वापरलेले असतात आणि ते विषारी असतात, म्हणून स्वयंपाकाचे भांडे किंवा अन्नाचा ओव्हन यासाठी वापरू नये. हे जमण्यासारखे नसेल तर नारिंगी दाण्यांचे जेल घ्यावे, किंवा पुड्याच बदलाव्यात.

काम संपल्यावर प्रत्येक हत्यार जुन्या सुती कापडाने कोरडे पुसावे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब त्याच कापडावर घेऊन वरून फिरवावा. निप्परच्या सांध्यात अर्धा थेंब पुरे. दुसऱ्या दिवशी काम सुरू करताना हे तेल पुसून टाकायला विसरू नये, कारण तेलकट प्लास्टिकवर रंग धरत नाही. शस्त्रक्रियेची ब्लेड वापरेपर्यंत पाकिटातच ठेवावीत. कार्बन स्टीलच्या ब्लेडच्या पाकिटात गंजरोधक द्रव्य लावलेला कागद असतो आणि पाकीट फोडले की त्याचा उपयोग संपतो. आता जे ठिपके पडले आहेत ते २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने तेलाबरोबर हलके घासून काढावेत. चिमट्याच्या टोकांवर मात्र बाहेरच्या अंगानेच घासावे, आतून घासल्यास टोके जुळेनाशी होतात.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला किट हवे आहे, मला सुरीची भीती वाटते. (घोडबंदर रोड, ठाणे येथील एक वाचक)

उत्तर : भीती रास्त आहे. गोंदाशिवाय जुळणारे किट आणि टोके बोथट असलेला निप्पर त्याला द्यावा. गेटचा राहिलेला खुंट नखे घासण्याच्या पट्टीने निघतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन किटना सुरी लागतच नाही. सुरी द्याल तेव्हा पहिला महिना शेजारी बसावे आणि पाते नेहमी नवे असू द्यावे. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि हात कापतो तो त्या जोरामुळे.

प्रश्न : माझे वय एकाहत्तर आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि हात थोडा कापतो. लेख वाचून किट आणले, कॉकपिट जवळजवळ झाले, पण आसनावरचे पट्टे काही केल्या बसेनात. मुलगा म्हणतो, आता हे सोडा. कोणते हत्यार मदतीला येईल? (वाशी, नवी मुंबई येथील एक वाचक)

उत्तर : सोडू नये. आपल्याला चिमट्याआधी भिंग हवे आहे, आणि तेही डोक्याला बांधायचे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. ते घेताना बहुतेक लोक सर्वांत मोठे दाखवणारे भिंग मागतात आणि फसतात. साधारण पावणेदोन पट दाखवणारे भिंग सुमारे ३५ सेंटिमीटरवरचे स्पष्ट दाखवते, अडीच पटीचे २० सेंटिमीटरवरचे, आणि साडेतीन पटीचे अवघ्या १० सेंटिमीटरवरचे. एवढ्या कमी अंतरात हात, चिमटा आणि भाग मावत नाहीत आणि मान सतत वाकलेली राहते. आपल्यासाठी पावणेदोन ते दोन पट पुरे. शस्त्रक्रियेनंतर दिलेला जवळचा चष्मा घालूनच दुकानात भिंग लावून पाहावे. दिवा डाव्या खांद्यावरून यावा, आपण डावखुरे असल्यास उजव्या.

हात कापतो तो बहुधा अधांतरी असल्यामुळे अधिक कापतो. दोन्ही कोपर टेबलावर टेकवावेत, मनगटाखाली गुंडाळलेला नॅपकिन ठेवावा आणि उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताला टेकवून काम करावे. घड्याळजी असेच बसतात. चिमटा उलट्या क्रियेचा घ्यावा, म्हणजे जो दाबल्यावर उघडतो आणि सोडल्यावर धरतो. त्यात भाग पकडून ठेवायला बोटांचा जोर लागत नाही आणि जोर नसला की थरथरही निम्मी होते. पुढचे किट १/४८ प्रमाणातले घ्यावे. तेच विमान लांबीला दीडपट होते आणि पट्टेही त्या प्रमाणात मोठे होतात.

हातातल्या किटचे पट्टे मात्र चिमट्याने उचलूच नयेत. टूथपिकच्या टोकाला मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढे मऊ मेण लावावे, पट्टा त्यावर अलगद चिकटवून आसनापर्यंत न्यावा, आधी लावून ठेवलेल्या गोंदाच्या ठिपक्यावर टेकवावा आणि दुसऱ्या टूथपिकने पट्ट्याचे टोक धरून पहिली बाजूला ओढून घ्यावी.